प्रौढ साक्षरतेतील स्त्रीपुरुष-अंतर : एक तुलनात्मक ऐतिहासिक विचार

निरनिराळ्या देशांची स्थिती मोजण्याची जी मापे आज प्रचलित आहेत, त्यांत प्रौढ साक्षरतेच्या प्रमाणास मोठे स्थान आहे. पंधरा वर्षे व त्यांवरील वयाच्या दर शंभर माणसांपैकी किती जणांना लिहितावाचता येते, हे सांगणारा हा आकडा दिसावयास अत्यंत सरळ आहे. तो पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी वेगवेगळा काढला, की दोहोंमधील अंतर दृष्टीस पडते. आणि हे अंतर भूभागवार मांडले, की जगाचा एक नकाशाच तयार होतो. २०२० च्या सुमारास या नकाशाचे स्वरूप स्थूलमानाने असे होते : युरोप व उत्तर अमेरिका यांत अंतर जवळजवळ नाही, लॅटिन अमेरिकेत स्त्रीपुरुष दोघांचेही प्रमाण शेकडा ९५ च्या आसपास असून अंतर नाममात्र, पूर्व व आग्नेय आशियात दोन्ही प्रमाणे शेकडा ९५ च्या घरात व अंतर दोन-तीन अंकांचे, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया यांत अंतर दहा अंकांहून अधिक, दक्षिण आशियात पुरुष शेकडा ८० च्या थोडे वर, तर स्त्रिया ६५ ते ७० च्या दरम्यान, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पुरुष सुमारे तीन-चतुर्थांश, तर स्त्रिया सुमारे तीन-पंचमांश साक्षर. जगातील निरक्षर प्रौढांची संख्या त्या वेळी ७५ कोटींहून अधिक होती व त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या.

हा नकाशा खोटा नाही. परंतु तो पाहताना एक समज नकळत दृढ होतो. जेथे अंतर मोठे तो प्रदेश मागासलेला, जेथे लहान तो पुढारलेला; आणि साक्षरता जसजशी वाढेल तसतसे अंतर आपोआप घटत जाईल, असा तो समज होय. गेल्या तीन शतकांचा जो पुरावा उपलब्ध आहे, तो या समजाला दुजोरा देत नाही. बहुतेक समाजांत साक्षरता वाढू लागली तेव्हा स्त्रीपुरुषांतील अंतर प्रथम वाढले, काही काळ वाढलेल्या पातळीवर राहिले व नंतरच घटले. ते किती वाढले आणि किती काळ टिकले, हे अक्षरविद्या कोणत्या संस्थेच्या द्वारे आणि कोणत्या प्रयोजनासाठी दिली गेली यावर अवलंबून राहिले. अंतराचा आकडा ही मागासलेपणाची मोजणी नव्हे. दुर्मिळ असलेल्या एका वस्तूची वाटणी समाजाने कशी केली, याची ती नोंद आहे. या दृष्टीने काही प्रमुख उदाहरणांचा विचार पुढे केला आहे.

१. साक्षर कोणास म्हणावे

तुलनेपूर्वी मापाची परीक्षा करणे अगत्याचे आहे. आपल्या दैनंदिन जीवनाविषयीचे लहानसे, साधे विधान ज्यास समजून वाचता व लिहिता येते तो साक्षर, अशी व्याख्या युनेस्कोने १९५८ साली शिफारशीच्या रूपाने सर्व देशांपुढे ठेवली. तत्पूर्वी प्रत्येक देशाची कसोटी निराळी होती. रशियातील १८९७ च्या जनगणनेत केवळ वाचता येणे पुरेसे मानले गेले. १९२६ मध्ये अक्षरे जुळवून वाचता येणे व आपले नाव लिहिता येणे ही अट होती. भारतात १८८१ व १८९१ च्या जनगणनांमध्ये ‘शिकत असलेले’, ‘साक्षर’ व ‘निरक्षर’ असे तीन वर्ग होते. १९०१ मध्ये ते दोनच राहिले. आणि १९११ मध्ये मित्रास पत्र लिहिता येणे व त्याचे उत्तर वाचता येणे, अशी कसोटी ठरली. चीनमध्ये १९५६ पासून शेतकऱ्यास १५०० व कामगारास २००० चिन्हे ओळखता आली पाहिजेत, असा दंडक होता. वयाची मर्यादाही एक नाही. भारताचे १९०१ चे आकडे सर्व वयांच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, १९५१ चे पाच वर्षांवरील व १९८१ पासूनचे येथे दिलेले आकडे सात वर्षांवरील लोकसंख्येचे आहेत. म्हणून भिन्न देशांचे किंवा भिन्न दशकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवताना लहानसहान फरकांवर भर देणे योग्य होणार नाही. मोठे फरक व त्यांची दिशा एवढ्यांवरच विसंबता येते.

याहून गंभीर अडचण निराळी आहे. वाचणे व लिहिणे ही दोन कौशल्ये आज एकत्र शिकविली जातात. पूर्वी तसे नव्हते. वाचन प्रथम व स्वस्तात शिकता येई. लेखनासाठी वेगळा शिक्षक, वेगळी साधने व वेगळे प्रयोजन लागे. दोहोंपैकी एकच स्त्रीच्या वाट्यास आले तर ते बहुधा वाचन असे. बंगालमधील राससुंदरी देवी हिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जन्मलेल्या व बालपणीच विवाह झालेल्या या गृहिणीने स्वयंपाकघरात, सर्वांची दृष्टी चुकवून, ‘चैतन्य भागवता’च्या पोथीचे एक पान मुलाच्या कित्त्याच्या ताडपत्राशी ताडून पाहत वाचन साध्य केले. लिहावयास ती पुष्कळ वर्षांनंतर शिकली. पुढे तिने ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले आणि बंगाली भाषेतील आत्मचरित्रांच्या आरंभी त्याची गणना होते. पंचविशीतील ही स्त्री वाचू लागली आहे हे घरातील पुरुषांस ठाऊक नव्हते. त्या काळी कोणी मोजणीसाठी आला असता, तर कुटुंबप्रमुखाच्या सांगण्यावरून तो तिला निरक्षरांत घालून पुढे गेला असता. स्त्रीविषयीचे उत्तर पुरुषाने द्यावयाचे, ही रीत बहुतेक सर्व देशांच्या मोजणीत दीर्घकाळ चालू होती, हे विसरता येत नाही.

लिपीच्या निवडीमुळेही स्त्रियांची विद्या मोजणीबाहेर राहिली. चीनमधील हूनान प्रांताच्या ज्यांगयोंग भागात स्त्रियांनी ‘नूशू’ नावाची ध्वनिलिपी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. तीत त्या मैत्रिणींना पत्रे लिहीत, सासरी जाणाऱ्या मुलीसाठी पुस्तिका तयार करीत. परंतु प्रचलित चिनी चिन्हांची कसोटी लावली, की या स्त्रिया निरक्षर ठरत. पश्चिम आफ्रिकेतील सोकोतोच्या राज्यात नाना अस्माउ (१७९३–१८६४) ही विदुषी अरबी, फुलानी व हौसा या भाषांत अरबी लिपीने लिहीत असे आणि तिने ‘यान तारू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी शिक्षिकांमार्फत खेड्यांतील स्त्रियांपर्यंत शिक्षण नेले. वसाहतीच्या अमलात रोमन लिपी हीच साक्षरतेची लिपी गणली गेली व या परंपरेचे मोल सरकारी दप्तरात राहिले नाही. तेव्हा साक्षरतेचा आकडा हा माणसाच्या विद्येचा आकडा नसून राज्यसंस्थेने मान्य केलेल्या विद्येचा आकडा आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे लागते.

२. स्वीडन, इंग्लंड व फ्रान्स

स्वीडनचे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे. १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने प्रत्येक लहानथोरास, नोकरचाकरांसह, धर्मग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे असा आग्रह धरला. यासाठी शाळा काढल्या गेल्या नाहीत. शिकविण्याचा भार घरावर व विशेषतः आईवर पडला. धर्मगुरू ठरावीक काळाने घरोघर परीक्षा घेई व प्रत्येकाच्या वाचनाची प्रत नोंदवहीत लिहून ठेवी. धर्मसंस्काराचा व त्यायोगे विवाहाचा अधिकारही या परीक्षेशी जोडलेला होता. परिणाम असा झाला, की अठराव्या शतकात, सार्वत्रिक शाळांचा कायदा १८४२ मध्ये होण्याच्या कितीतरी आधी, स्वीडनमधील स्त्रिया व पुरुष जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाचू शकत होते. लेखन मात्र थोड्यांनाच येई. येथे अक्षरविद्येचे प्रयोजन पारलौकिक होते. मोक्षाची गरज मुलास व मुलीस सारखीच असल्याने वाटणीत भेद करण्यास कारण उरले नाही. देश श्रीमंत नव्हता, उद्योगधंदे वाढलेले नव्हते. तरीही अंतर पडले नाही. संपन्नता ही समतेची पूर्वअट आहे, या मताला हा एकच पुरावा बाधक ठरतो.

इंग्लंड व फ्रान्स येथे वाटणी निराळी झाली. या देशांतील पुरावा मुख्यतः विवाहनोंदीतील सह्यांचा आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाहविषयक कायद्याने वधूवरांनी नोंदवहीत सही किंवा खूण करणे आवश्यक केले. १८४० च्या सुमारास दर तीन वरांपैकी दोघे सही करीत होते, वधूंपैकी मात्र निम्म्याच. हे अंतर शतकाच्या अखेरीपर्यंत नाहीसे झाले. १९०० साली वर व वधू दोघांचेही सहीचे प्रमाण शेकडा ९७ च्या आसपास होते. फ्रान्समध्ये लुई माजिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने १८७७ ते १८७९ या काळात सुमारे सोळा हजार शाळामास्तरांच्या साहाय्याने जुन्या नोंदवह्या तपासवून घेतल्या. त्यातून असे दिसले, की १६८६–९० मध्ये शेकडा २९ पुरुष व १४ स्त्रिया सही करीत होत्या. १७८६–९० मध्ये हेच आकडे ४७ व २७ झाले. अंतर १५ वरून २० वर गेले. शंभर वर्षांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले असूनही त्या पुरुषांच्या अधिकच मागे राहिल्या. १८७१–७५ मध्ये पुरुष तीन-चतुर्थांशांच्या वर व स्त्रिया सुमारे दोन-तृतीयांश अशी स्थिती झाली व अंतर कमी होऊ लागले.

या क्रमात कायद्याचा हात स्पष्ट दिसतो. १८३३ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपालिकेस मुलांची शाळा काढणे भाग पाडले. मुलींच्या शाळेची सक्ती १८५० मध्ये आठशेहून अधिक वस्तीच्या गावांवर व १८६७ मध्ये पाचशेहून अधिक वस्तीच्या गावांवर आली. आणि मोफत व सक्तीचे शिक्षण सर्वांसाठी १८८१–८२ मध्ये सुरू झाले. मुलगा व मुलगी यांच्यामध्ये राज्यसंस्थेनेच एका पिढीचे अंतर ठेवले होते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. फ्रान्सच्या काही भागांत धर्मसंस्थेने मुलींना प्रार्थनापुस्तक वाचावयास शिकविले, परंतु लिहावयास शिकविले नाही. अशा भागांतील स्त्रिया सहीच्या कसोटीस उतरत नाहीत. माजिओलोच्या आकड्यांतील अंतराचा काही अंश वाचनाचा नसून लेखणीचा आहे. वाचणारी स्त्री ऐकणारी राहते, लिहिणारी स्त्री बोलू लागते, हा भेद त्या काळच्या वडीलधाऱ्यांना पूर्णपणे कळला होता असे मानावयास जागा आहे.

३. संस्था कोणाची, त्यावर वाटणी

धर्माच्या प्रेरणेने अक्षरविद्या पसरली की अंतर राहत नाही, असा नियम मात्र स्वीडनवरून काढता येणार नाही. ब्रह्मदेशात बौद्ध विहार हीच शाळा होती व जवळजवळ प्रत्येक मुलगा तेथे काही काळ राहून वाचावयास शिके. त्यामुळे १९०१ मध्ये, ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असताना, तेथील पुरुषांची साक्षरता इतर सर्व प्रांतांहून कितीतरी अधिक, म्हणजे शेकडा ३५ च्या वर होती. परंतु विहारात मुलीस प्रवेश नव्हता. स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचापर्यंतही पोचले नाही. दोन्ही देशांत धर्म होता, दोन्हीकडे वाचन पुण्यप्रद होते. भेद एवढाच, की एकीकडे विद्या घरात होती व दुसरीकडे जेथे केवळ पुत्र जाऊ शकतो अशा वास्तूत होती.

उलट बाजूचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या पोटातील लेसोथो या डोंगराळ देशाचे आहे. तेथे १८३३ पासून मिशनऱ्यांनी शाळा चालविल्या. मुलगे लहान वयापासून गुरे व मेंढ्या घेऊन डोंगरावर जात आणि मोठे झाल्यावर दक्षिण आफ्रिकेतील खाणींत मजुरीस जात. मुली घरी राहत व म्हणून शाळेत जात. तेथील स्त्रियांचे साक्षरताप्रमाण अलीकडील पाहण्यांतही पुरुषांपेक्षा दहा अंकांहून अधिक आहे. हा देश श्रीमंत नाही आणि तेथील स्त्रीस पुरुषाहून अधिक अधिकार होते असेही नाही. मुलाच्या श्रमाची किंमत शाळेपेक्षा जास्त होती व मुलीच्या श्रमाची घरालगत होती, एवढेच या अंतराचे मूळ आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका असा एकच आकडा देणाऱ्या कोष्टकात लेसोथोचे हे उलटे अंतर बुडून जाते. भूभागाची सरासरी किती भिन्न इतिहास झाकू शकते याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

४. रशिया : प्रौढांस शिकविण्याचा मार्ग

रशियाच्या आकड्यांत अंतराची चढण व उतरण दोन्ही एकाच मापाने पाहता येतात, कारण तेथे नऊ ते एकोणपन्नास वर्षे या वयोगटाचे आकडे चार जनगणनांतून सलग मिळतात. १८९७ मध्ये पुरुष शेकडा ४०.३ व स्त्रिया १६.६, १९२६ मध्ये ७१.५ व ४२.७, १९३९ मध्ये ९३.५ व ८१.६; १९५९ मध्ये ९९.३ व ९७.८. अंतर प्रथम २३.७ वरून २८.८ वर चढले, नंतर ११.९ व अखेर १.५ वर उतरले. १९२६ चा शिखराचा आकडा क्रांतीनंतरचा आहे, हे विशेष होय. निरक्षरता-निर्मूलनाचा हुकूम डिसेंबर १९१९ मध्ये निघाला होता व आठ ते पन्नास वर्षांच्या सर्व निरक्षरांस शिकणे त्याने बंधनकारक केले होते. तरीही आरंभीच्या वर्षांत सैन्यातील व कारखान्यांतील पुरुष आधी शिकले. अंतर कोसळले ते त्यानंतर, जेव्हा शिकविण्याचे वर्ग खेड्यांत, शेतांवर व स्त्रियांच्या मंडळांत पोचले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्य आशियात १९२० च्या दशकाच्या अखेरीस अरबी लिपी काढून रोमन लिपी आणली गेली व सुमारे दहा वर्षांत तिच्या जागी रशियन लिपी आली. जुन्या लिपीत वाचणारी माणसे एका हुकमाने निरक्षर ठरली. तसेच अक्षरे जुळविता येणे ही कसोटी फारच सैल होती. या दोन्ही गोष्टी मान्य करूनही एक निष्कर्ष टिकतो : वीसतीस वर्षांत जे अंतर मिटले, ते केवळ मुलींना शाळेत घालून मिटले नाही, तर त्यांच्या आयांना शिकवून मिटले.

५. भारत व चीन : सारखे अंतर, भिन्न अर्थ

भारतात १९०१ मध्ये शेकडा ९.८३ पुरुष साक्षर होते व स्त्रिया ०.६०, म्हणजे हजारी सहा. १९५१ मध्ये २७.१६ व ८.८६, १९८१ मध्ये ५६.३८ व २९.७६, २००१ मध्ये ७५.२६ व ५३.६७, २०११ मध्ये ८०.९ व ६४.६. अंतर वजाबाकीने काढले तर ते ९ वरून १८ वर, तेथून २६.६ वर गेले व नंतर २१.६ आणि १६.३ असे उतरले. १९६१ ते १९९१ या तीस वर्षांत ते २४ ते २७ च्या दरम्यानच घुटमळत राहिले. परंतु हेच अंतर गुणोत्तराने मोजले तर चित्र पालटते. १९०१ मध्ये समसमान संख्येच्या स्त्रीपुरुषांत एका साक्षर स्त्रीमागे सोळा साक्षर पुरुष होते, १९५१ मध्ये तीन, १९८१ मध्ये दोनाहून किंचित कमी, २०११ मध्ये सव्वा. एका मापाने स्थिती ऐंशी वर्षे बिघडत गेली, दुसऱ्याने ती सतत सुधारत गेली. दोन्ही मापे बरोबर आहेत. हजारी सहा स्त्रिया साक्षर असलेल्या समाजात अंतर लहान दिसते ते पुरुषही बहुतांशी निरक्षर असतात म्हणून. त्या लहान अंतरात समतेचा अंश नाही.

हीच दक्षता ‘निरक्षरांपैकी दोन-तृतीयांश स्त्रिया’ या नित्य उद्धृत होणाऱ्या विधानाबाबतही बाळगावी लागते. पुरुषांत शेकडा २० व स्त्रियांत ४० निरक्षर असोत, किंवा पुरुषांत २ व स्त्रियांत ४ असोत, दोन्ही ठिकाणी निरक्षरांतील स्त्रियांचा वाटा दोन-तृतीयांशच राहतो. गेल्या कित्येक दशकांत हा वाटा फारसा हलला नाही, याचा अर्थ काहीच घडले नाही असा नव्हे. जो समूह शेवटी उरतो त्यात स्त्री अधिक संख्येने उरते, असा आहे.

आता चीनशी तुलना करावी. १९८२ च्या जनगणनेनुसार चीनमध्ये पंधरा वर्षांवरील पुरुष शेकडा ७९.२ व स्त्रिया ५१.१ साक्षर होत्या, अंतर २८.१. भारतातील १९८१ चे अंतर २६.६. वरवर पाहता दोन्ही देश या बाबतीत एकाच पायरीवर होते, किंबहुना भारत किंचित बरा. परंतु २००० मध्ये चीनचे अंतर ८.६ वर व २०१० मध्ये ४.८ वर आले. भारताचे २००१ मध्ये २१.६ च होते. वीस वर्षांत एवढी तफावत कशाने पडली? उत्तर वयाच्या थरांत आहे. १९८२ च्या चीनमधील निरक्षर स्त्री मुख्यतः वृद्ध किंवा मध्यमवयीन होती. तिच्या मुली व नाती बहुसंख्येने शाळेत गेलेल्या होत्या. ते अंतर गतकाळाचे होते व काळाबरोबर जाणारच होते. १९८१ च्या भारतात मात्र दहा वर्षांची मुलगीही, विशेषतः खेड्यांत, पुष्कळदा शाळेबाहेर होती. तेथे अंतर नव्याने निर्माण होत होते. एकाच आकड्यात एकीकडे जुने कर्ज फिटत होते, दुसरीकडे नवे काढले जात होते.

भारताच्या अंतर्गतही हा भेद स्पष्ट आहे. २०११ मध्ये राजस्थानात पुरुष शेकडा ७९.२ व स्त्रिया ५२.१ होत्या, केरळात ९६.१ व ९२.१. केरळचा इतिहास १८१७ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्याने सोसावा असे फर्मान काढले. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा, समाजसुधारणेच्या चळवळी व काही समाजांतील मातृवंशीय कुटुंबपद्धती यांची त्यास जोड मिळाली. आणि १९९० च्या सुमारास झालेल्या साक्षरता-मोहिमेने उरलेल्या प्रौढांपर्यंत, त्यांतही वृद्ध स्त्रियांपर्यंत, अक्षर नेले. एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये व संपूर्ण राज्य १९९१ मध्ये साक्षर घोषित झाले. मुलगी व प्रौढ स्त्री या दोन्ही दिशांनी जेथे प्रयत्न झाला, तेथेच अंतर चार अंकांवर आले.

महाराष्ट्राचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे : २०११ मध्ये पुरुष ८८.४, स्त्रिया ७५.९. ज्या प्रांतात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याच प्रांतात एकशे त्रेसष्ट वर्षांनंतर दर चार स्त्रियांमागे एक निरक्षर राहावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. तिचे एक कारण मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांतच सापडते. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात, पतीने शिकविण्यास आरंभ केल्यावर घरातील वडील स्त्रियांचा रोष कसा सोसावा लागला, हे नोंदवून ठेवले आहे. सावित्रीबाई व रमाबाई या दोघींच्याही शिक्षणात पतीचा पुढाकार होता. ज्या घरात असा पती नव्हता तेथील स्त्रीस अक्षराचा दुसरा दरवाजा नव्हता. तो दरवाजा सार्वजनिक झाला तो मुलींच्या शाळा गावोगाव पोचल्या तेव्हाच, आणि तोही मुलींसाठी. शाळेचे वय उलटून गेलेली स्त्री बहुधा बाहेरच राहिली.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, स्त्रीपुरुष-साक्षरतेतील अंतर हे साक्षरतेच्या वाढीबरोबर सरळ रेषेत घटत नाही. फ्रान्स, रशिया व भारत या तिन्ही ठिकाणी ते वाढून मग घटले, कारण दुर्मिळ विद्या प्रथम पुत्रास दिली गेली. दुसरी, ही चढण अटळ नाही. स्वीडनमध्ये विद्या घरात राहिल्याने ती आलीच नाही. लेसोथोत पुत्राचे श्रम अधिक मोलाचे ठरल्याने ती उलटी झाली. तेव्हा अंतराचे कारण एखाद्या वंशाच्या, धर्माच्या किंवा भूभागाच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे; ते संस्था व श्रमविभागणी यांतच शोधावे लागते. तिसरी, प्रौढ साक्षरतेचा आकडा वर्तमानाचा नसतो. १९५० मध्ये जन्मलेली व शाळेत न घातलेली मुलगी २०११ च्या जनगणनेत एकसष्ट वर्षांची निरक्षर स्त्री म्हणून हजर असते. आकडा २०११ चा, निर्णय १९५६ चा.

यावरून हेही उघड होते, की असे जुने अंतर आज मिटले म्हणजे प्रश्न कायमचा सुटला असे नाही, कारण वाटणीचा निर्णय प्रत्येक पिढीत नव्याने होत असतो. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळांची व डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठांची दारे बंद झाली. त्याचे पूर्ण प्रतिबिंब प्रौढ साक्षरतेच्या कोष्टकात आज पडणार नाही. ते पुढील अनेक दशके, दर जनगणनेगणिक वरच्या वयोगटात सरकत राहील.

म्हणून भूभागांची तुलना करणाऱ्या कोष्टकात स्त्रियांचा एकच आकडा न देता वयोगटवार आकडे देणे इष्ट होय. पंधरा ते चोवीस वर्षांच्या गटातील अंतर समाज आज काय करीत आहे ते सांगेल. पासष्ट वर्षांवरील गटातील अंतर त्याने पूर्वी काय केले ते सांगेल. पहिल्याचा उपाय शाळा हा आहे. दुसऱ्याबाबत बहुतेक राज्यसंस्थांनी कालावर भिस्त ठेवली, म्हणजे निरक्षर स्त्रीच्या मृत्यूने प्रमाण सुधारण्याची वाट पाहिली. रशिया व केरळ यांचा अनुभव असे दाखवितो, की तेवढाच मार्ग उपलब्ध नव्हता.